भार किती होता?

आजवर हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आईला नाही. आई तर आता नाहीच. एका शनिवारी दुपारी, वर्कशॉप जेवायला गेलेलं असताना, मी सात सरकारी मोटारींच्या पोटातल्या तक्रारी पुसून टाकल्या. एका गाडीला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सगळं मिळून पाव तासाचं काम. ते निस्तरणं मला अजून जमलेलं नाही.

पण मोटारीच्या पोटात तक्रारी असतात म्हणजे काय, आणि त्या पुसल्या तर एवढं काय बिघडतं, हे कळायला आधी गायकवाड उस्ताद कळले पाहिजेत.

मी हैदराबादच्या एका सरकारी खात्यात मोटर सेक्शनचा हेडक्लार्क होतो आणि गायकवाड त्या खात्याच्या वर्कशॉपचे फोरमन. पन्नाशी उलटलेला, काटकुळा, खिशाला नेहमी दोन पेनं आणि एक स्क्रू-ड्रायव्हर लावलेला माणूस. ड्रायव्हर मंडळी त्यांना उस्ताद म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. ते मला देशपांडेसाब म्हणायचे. आमचं दोघांचं बोलणं मराठीतून चालायचं, म्हणजे हैदराबादेत मराठी ज्याला म्हणतात त्यातून.

गायकवाड कुठल्याही मोटारीत बसण्याआधी खिडकीतून आत डोकावायचे आणि ड्रायव्हरला म्हणायचे, "चावी फिरव. इंजन नक्को सुरू करू. फक्त चावी." चावी फिरली की समोरच्या काट्यांमध्ये एक पिवळा दिवा लागतो, इंजिनाच्या चित्राचा. इंजिन सुरू झालं की तो विझायला हवा. लागला आणि विझला, तर गायकवाड बसणार. लागूनच राहिला, तर विचारपूस करून बसणार. आणि मुळात लागलाच नाही, तर काही झालं तरी बसणार नाहीत.

"लागून राहिला तो आजारी," ते सांगायचे. "आजाऱ्यासंगं जाता येतंय. पण न लागणारा म्हणजे मुका केलेला. कुणीतरी त्याच्या तोंडावर हात ठिवलाय. त्याच्यासंगं मी कामून जाऊ?"

ऑटोला असला दिवा नसायचा, त्यामुळे ऑटोत ते बेधडक बसत. "अडाणी आहे, पण खोटारडी नाही."

माझ्या भाचीचं लग्न बरकतपुऱ्यात होतं. वरात निघायची वेळ, बँड सुरू, फुलांनी मढवलेली गाडी दारात. नवरदेवाशेजारी मागे बसायला गायकवाडांना मीच आग्रहानं नेलं. त्यांनी सवयीनं डोकं आत घातलं, "चावी फिरव" म्हणाले, आणि दिवा लागला नाही. वाकून बघतात तर दिव्यावर काळी चिकटपट्टी. त्यांनी ती नखानं सोलून काढली. खालून दिवा असा काही झळकला, की जणू कधीपासून याचीच वाट बघत होता.

"नवरदेव, जरा उतरा."

बँडवाले वाजवायचे थांबले. गायकवाडांनी पिशवीतून स्कॅनर काढला. हा त्यांच्या पिशवीत कायम असायचा. पाटीएवढा डबा, त्याला एक वायर. गाडीच्या स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, त्यात ती वायर खोचली की गाडी आपली तक्रार आकड्यांत सांगते. प्रत्येक बिघाडाचा ठरलेला आकडा, त्याला म्हणायचं कोड. वरातीतल्या दीडशे लोकांसमोर गायकवाड डबा डोळ्यांजवळ नेऊन मोठ्यानं म्हणाले, "चारसो बीस!"

"कुणाला म्हणालात?" वरपिता पुढे आले.

"गाडीला, साब. हिच्या धुराची जाळी झोपलीय. कोड शून्य चारशे वीस. गाडी स्वतःच सांगायलीय."

नवरदेव शेवटी ऑटोतून मांडवात गेला. गायकवाड त्याच्या शेजारी बसले होते, अगदी निर्धास्त. माझ्या बहिणीनं पुढं दोन वर्षं माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

ही धुराची जाळी आणि तिचे पहारेकरी हे प्रकरण त्यांनी मला कितीदा समजावलं असेल! आणि दर वेळी सरकारी कचेरीच्या भाषेत, कारण इतर कुठलीच भाषा मला कळत नाही अशी त्यांची खात्री होती. "हे बघा देशपांडेसाब. इंजनातून निघालेला विषारी वायू सायलेन्सरकडं जाताना मधी एका जाळीतून जातो. ती जाळी त्याला साफ करती. जाळीच्या अलीकडं एक सेन्सर, पलीकडं एक. म्हणजे दोन पहारेकरी. अलीकडचा सारखा हात हलवत असतो, खाली-वर, खाली-वर. कारण त्याच्यासमोर गोंधळ आहे. पलीकडचा गप बसलेला पाहिजे. का? जाळीनं गोंधळ मिटवलाय म्हणून. आता पलीकडचाबी अलीकडच्यासारखा हात हलवायला लागला, तर काय समजायचं?"

"जाळी काम करत नाही."

"हौ! मधला क्लार्क झोपला!" आणि माझ्याकडे बघून, "तुम्हाला नाही म्हणलं."

काळा धूर दिसला की सगळं जग ओरडतं, यात त्यांना कौतुक वाटायचं नाही. पेट्रोल पंपापाशी उभ्या असलेल्या व्हॅनमध्ये जाऊन धुराचा दाखला आणणाऱ्या ड्रायव्हरांना ते विचारायचे, "नळी आत घातली होती का त्यानं, का नुसता शिक्का?" ड्रायव्हर हसायचा. "न दिसणारा धूर कोण सांगणार बाबा?" गायकवाड म्हणायचे. "गाडीच सांगणार. अन् गाडी सांगायली तर तुम्ही तिच्या तोंडावर पट्टी लावायलात."

आमचा यादगिरी नावाचा ड्रायव्हर पट्टी लावत नसे. त्यानं बरोबर दिव्यावर व्यंकटेशाचं स्टिकर चिकटवलं होतं. गायकवाड बौद्ध. दुसऱ्याच्या देवाला नखानं सोलणं त्यांना बरं वाटेना आणि झाकलेला दिवा बघवेना. दोन दिवस ते त्या गाडीभोवती फिरले. शेवटी म्हणाले, "यादगिरी, देव तुझा, दिवा गाडीचा. दोघंबी राहू दे. देवाला फक्त थोडं डावीकडं सरकव."

"उस्ताद, उधर पेट्रोल का काँटा है।"

"तो अच्छाच है. पेट्रोल देवाच्या भरवशावर चालू दे. इंजन मी बघतो."

गाडीबद्दल जे खरं तेच माणसाबद्दल, असं ते धरून चालत. गाडी बिघडते त्या क्षणाचा एक फोटो ती स्वतःजवळ ठेवते, म्हणजे आकड्यांचा फोटो: वेग किती होता, पाणी किती तापलं होतं, इंजिनावर भार किती होता. गायकवाडांना कोडपेक्षा या फोटोचं अप्रूप जास्त. "नुसता बिघाड सांगून काय होतंय? कोणत्या हालतीत बिघडली ते बघा. सपाटीवर बिघडली तर तिची चूक. चढावर, चार माणसं अन् एसी लावून बिघडली, तर तिला बोलण्याआधी माणसानं इचार करावा."

म्हणून कुणीही काहीही तक्रार घेऊन आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "पण भार किती होता?"

एका रविवारी ते नल्लकुंट्याला आमच्या घरी आले तेव्हा माझं आणि वसुधाचं, म्हणजे बायकोचं, चांगलंच जुंपलं होतं. तिनं त्यांनाच पंच केलं. गायकवाडांनी खुर्ची ओढली, पेन काढलं.

"वहिनी, पहिला शब्द निघाला तेव्हा तुमच्यावर भार किती होता?"

"दोन पाहुणे, कुकर गॅसवर, आणि शाळेचे चाळीस पेपर तपासायचे."

"अन् साब काय करायलते?"

"पेपर वाचत होते. बातम्यांचा."

गायकवाडांनी लिहून घेतलं. "साबवर भार शून्य. सपाटीवर बिघाड. चूक साबची." मग माझ्याकडे दया येऊन म्हणाले, "पण पहिल्यांदा दिसली म्हणून पेंडिंग धरू."

हे पेंडिंग म्हणजे त्यांच्या न्यायशास्त्राचा पायाच होता. गाडी एखादा बिघाड पहिल्यांदा पाहते तेव्हा लगेच दिवा लावत नाही. नुसती मनात ठेवते. दुसऱ्या खेपेला तोच बिघाड दिसला तरच दिवा. "माणसापेक्षा न्यायी आहे ती," ते म्हणायचे. "एका चुकीवर बोंब मारत नाही." आणि बिघाड दुरुस्त केला, की तीन खेपा नीट गेल्यावर दिवा आपोआप विझतो. पुढं इंजिन थंड होऊन गरम असं चाळीसदा नीट झालं, की कोडसुद्धा गाडी आपणहून विसरते. "आपणहून! आपण विसरायला लावायचं नसतंय. नट आवळायच्या आधी कोड पुसणं म्हणजे रोग्याच्या तोंडात बोळा."

पुसायचं बटण त्या स्कॅनरवर होतंच. गायकवाडांनी त्यावर एक छोटा चौकोनी पुठ्ठा चिकटवला होता. दुरुस्ती झाल्याशिवाय तो कधी उचलला जायचा नाही. आणि कोड पुसला की तो फोटोही पुसला जातो, म्हणून प्रत्येक गाडीचा प्रत्येक फोटो ते आधी वहीत उतरवून घ्यायचे. गाडीला एक पान. "स्कॅनर विसरतो. वही नाही विसरत."

आमच्या घरी ते रविवारी यायचे ते खरं तर माझ्यासाठी नाही. आई अंथरुणाला खिळली होती. तिच्याशी बोलायला कुणी उरलं नव्हतं. मी कमी बोलतो, वसुधाला वेळ नसायचा, आणि मुलीला आजीचं मराठी निम्मं कळायचं. गायकवाड खाटेजवळ बसून विचारायचे, "काय आई, आज कोणता कोड?"

"गुडघा."

"उजवा का डावा?"

"डावा."

"गेल्या रविवारी उजवा होता. आज डावा. म्हणजे वायरिंगचा फॉल्ट आहे, गुडघ्याचा नाही."

आई इतकी हसायची की तिला खोकला यायचा. ती त्यांच्या गावाबद्दल विचारायची. त्यांचे वडील नांदेडकडून येऊन सिकंदराबादला रेल्वेच्या इंजिनांत कोळसा टाकायला लागले होते. छप्पन साली राज्यांची फेररचना होऊन मराठवाडा हैदराबादेपासून निघून गेला, तेव्हा भाऊबंद म्हणाले, चला, आपलं राज्य तिकडं. वडील म्हणाले, माझं इंजन इथं आहे. गायकवाड ही गोष्ट सांगून झाल्यावर नेहमी एकच वाक्य जोडायचे: "आम्ही हललो नाही, आई. राज्यंच हलतात."

त्यांच्या स्वतःच्या घरी, विद्यानगरच्या दोन खोल्यांत, त्यांची वाट बघणारं कुणी नव्हतं. बायको बरीच वर्षं झाली, गेली. तिच्याबद्दल ते आईजवळ एकदाच बोलले. मी पलीकडच्या खोलीत होतो. "शेवटपर्यंत दुखतंय म्हणली नाही, आई. मी गाड्यांचे दिवे बघत बसलो. तिनं लावलाच नाही."

मग ती वर्षं आली. पुन्हा राज्य हललं. एका राज्याची दोन झाली. नव्या गाड्यांच्या नंबर प्लेटवरची अक्षरं बदलली, आणि आमच्या खात्यात टेबलं, खुर्च्या, फायली, मोटारी आणि माणसं यांची वाटणी सुरू झाली. कोण इकडचा, कोण तिकडचा याचे फॉर्म भरायचे होते. फॉर्म घेणाऱ्यानं गायकवाडांना विचारलं, "उस्ताद, तुम इधर के या उधर के?"

"मैं सोला पिन का," गायकवाड म्हणाले. "बीच में लगता हूँ।"

हसण्यावारी गेलं, पण आमच्या वर्कशॉपमधून एक माणूस तिकडे द्यायचा हे ठरलं होतं. तिकडे गुंटूरला नवं वर्कशॉप उभं करायला फोरमन जाईल, किंवा कागद सांभाळायला हेडक्लार्क. गायकवाड किंवा मी. दोघांनीही हैदराबाद मागितलं होतं. गायकवाडांची नोकरीची तीन वर्षं उरली होती. माझी आई खाटेवरून हलत नव्हती, मुलीची दहावी होती, वसुधाची शाळा होती. रात्रंदिवस माझ्या डोक्यात गुंटूर एवढा एकच शब्द होता.

आणि मोटारी. तिकडे द्यायच्या यादीत आमच्या साहेबांनी सात अशा गाड्या घातल्या होत्या ज्यांचे दिवे महिनोन्‌महिने लागलेले. गायकवाडांनी त्यांच्यासाठी सेन्सर, प्लग, जाळ्या मागितल्या होत्या. ती मागणी कुणाच्या टेबलावर पडून होती? माझ्याच. मधला क्लार्क.

शुक्रवारी साहेबांनी मला आत बोलावलं. तेलुगूत, अगदी गोड आवाजात म्हणाले, "देशपांडे गारू, सोमवारी तिकडचे लोक गाड्या बघायला येतात. दिवा लागलेली गाडी ते घेणार नाहीत, मग आपल्या चांगल्या द्याव्या लागतील. मला सोमवारी दिवे दिसायला नकोत. नाही दिसले तर तुमचं नाव इथल्या यादीत राहील असं मी बघतो."

"गायकवाड पुसणार नाहीत, सर."

"मी गायकवाडांना सांगतोय का?"

शनिवारी एक वाजता मी गायकवाडांकडे गेलो. म्हटलं, "उस्ताद, आईचं औषध संपलंय. कोठीच्या बाजारातच मिळतं. मला इथून हलता येत नाही." ते लगेच उठले. "मग मी देऊनच येतो की. अन् त्यांच्यापाशी जरा बसतोबी. आज शनिवार, रविवारची वाट कोण बघंल." पिशवी औषधाला रिकामी हवी म्हणून आतला स्कॅनर त्यांनी स्वतःच कपाटात ठेवला, किल्ली खिशात घातली आणि गेले. कपाटाची दुसरी किल्ली हेडक्लार्कजवळ असते.

पुठ्ठा चांगला चिकटवलेला होता. नखानं निघाला नाही. कागद कापायच्या सुरीनं काढावा लागला.

सात दिवे विझले. मी पुठ्ठा परत चिकटवला, हात धुतले आणि डबा उघडून जेवलो. चार वाजता गायकवाड परत आले. म्हणाले, "गुडघा जैसे थे. पण आज लई हसल्या."

आता माझ्या अकलेचं ऐका. आयुष्यभर फायलीत वावरलेला माणूस मी. आमच्याकडे व्हाइटनर लावलं की खालचं गेलं. गाडी मात्र पुसल्याचीही नोंद ठेवते, हे मला ठाऊक नव्हतं. सोमवारी तिकडून आलेली इंजिनिअर तिशीची असेल. तिनं स्वतःचा स्कॅनर पहिल्या गाडीला लावला आणि सरळ आवाजात वाचू लागली. "कोड: एकही नाही. कोड पुसल्यापासूनचं अंतर: शून्य किलोमीटर. अंतर्गत तपासण्या: अपूर्ण, अपूर्ण, अपूर्ण." दुसऱ्या गाडीला तेच. सातव्या गाडीपर्यंत तिनं वाचणं सोडून दिलं होतं, नुसती बोटांवर मोजत होती. मग साहेबांकडे वळून म्हणाली, "सर, या गाड्या बऱ्या झालेल्या नाहीत. यांना आता नुकतंच गप्प केलंय."

गायकवाड तिच्यामागे उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते आपल्या स्कॅनरवरच्या पुठ्ठ्याकडे बघत होते. पुठ्ठा किंचित तिरका बसला होता.

चौकशी झाली. साहेबांनी हात झटकले, वरून दुसरे साहेब आले. स्कॅनरच्या स्वतःच्या स्मृतीत वेळ सापडली: शनिवार, दुपारी दोन ते अडीच. स्कॅनर गायकवाडांच्या ताब्यात. चौकशीच्या साहेबांनी त्यांचं सेवापुस्तक उघडलं, जातीच्या रकान्यावर पेन्सिल टेकवली आणि माझ्याकडे बघून जरासं हसले. पुढचा पुरावा त्यांना फारसा लागणार नव्हता. मीही हसलो. हेही आज पहिल्यांदाच सांगतोय.

जबाब लिहून घ्यायचं काम हेडक्लार्कचं. म्हणजे माझंच.

"शनिवारी दोन ते अडीच तुम्ही कुठे होता?"

गायकवाडांना एवढंच म्हणायचं होतं, की मी नल्लकुंट्याला देशपांडेसाबांच्या आईजवळ बसलो होतो. विचारा त्यांना. आईनं सांगितलं असतं. कोणता गुडघा, हेही सांगितलं असतं. मग पुढचा प्रश्न आपोआप आला असता: तुम्हाला तिकडे पाठवलं कुणी?

त्यांनी माझ्या पेनाकडे पाहिलं. मग म्हणाले, "वर्कशॉपमध्येच होतो, साब."

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. त्या दिवशीही चांगलंच आलं.

गायकवाडांना मेमो मिळाला, आणि गुंटूर मिळालं. जायच्या दिवशी त्यांनी वह्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ते म्हणाले, "यादगिरीवर लक्ष ठिवा. देव परत उजवीकडं सरकायलाय." दारापर्यंत जाऊन वळले. "अन् आईंना सांगा, उजवा असंल तर शेक, डावा असंल तर गोळी. दोन्ही असंल तर मला फोन करा."

पुढच्या रविवारी आईनं विचारलं, "गायकवाड का नाही आले?"

"त्यांना प्रमोशन मिळालं. बाहेरगावी गेले."

"मिळायलाच हवं होतं," आई म्हणाली. त्या दिवशी ती फार खुशीत होती.

ती आणखी दीड वर्ष जगली. गेल्यावर खाटेजवळचं कॅलेंडर उतरवलं, तर प्रत्येक तारखेच्या चौकोनात तिच्या थरथरत्या अक्षरात उ किंवा डा लिहिलेलं. गायकवाड येतील तेव्हा त्यांना सांगायला हिशेब नको का.

वह्यांचा गठ्ठा मी कपाटात ढकलून दिला होता. पुढं वर्कशॉप दुसऱ्या जागी हलवायचं ठरलं तेव्हा कपाट रिकामं करताना तो खाली पडला. शेवटची वही उघडी पडली. गाडीला एक पान, तसंच ते पान होतं, फक्त गाडीच्या नंबराच्या जागी माझं नाव.

"देशपांडेसाब.
बिघाड: पुसापुशी.
वेळ: शनिवार दुपार.
इंजन: फार गरम.
भार: आई अंथरुणाला. पोरीची दहावी. वहिनींची शाळा. वरून साहेबाचा दाब. भार लई.
याआधी असा बिघाड: नाही.
शेरा: एकदाच. पेंडिंग. दिवा लावू नये."

तारीख जबाबाच्या आदल्या दिवसाची होती.

गायकवाड आता निवृत्त आहेत. यादगिरी मध्ये त्यांना भेटून आला. अजून गुंटूरलाच असतात, एकटे. घराबाहेर खुर्ची टाकून बसतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांना हात करून थांबवतात. कोड फुकट वाचून देतात. यादगिरीला त्यांनी सगळ्यांची खबर विचारली. माझ्याबद्दल एकच विचारलं: आईंचा गुडघा कसा आहे. आई गेल्याचं मी त्यांना कळवलेलंच नव्हतं.

चाळीसदा थंड आणि गरम झालं की गाडी आपणहून विसरते, असं ते म्हणायचे. माझं चाळीस हजारदा झालं असेल. पण आधी दुरुस्ती व्हायला लागते, ही अट मी सोयीनं विसरत आलो.

त्या शनिवारी दुपारी दोन ते अडीच गायकवाड वर्कशॉपमध्ये नव्हते. मी त्यांना पाठवलं म्हणून ते माझ्या आईजवळ बसले होते. जबाबातली ती ओळ खोटी आहे, आणि कोड मी पुसले. एवढं खात्याला लेखी देणं आणि गुंटूरला जाऊन त्यांच्या तोंडावर सांगणं, हे मी त्यांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.